फुटबॉल स्टेडियमला कंपनीचं नाव : एवढे पैसे मोजून हाती काय लागतं?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला : जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या स्टेडियमवर २००५ पासून 'सिग्नल इडूना पार्क' अशी विमा कंपनीची पाटी आहे, पण तिथले लोक अजून 'वेस्टफालेनश्टाडिओन' हेच जुनं नाव घेतात, मग कंपनीचे पैसे पाण्यात गेले का? दुसरा : कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमसाठी तुमच्या समितीने असा एखादा प्रायोजक शोधावा का? दुसऱ्याचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी देतो. पहिल्यावर गेली सोळा वर्षं माझं घर चालतंय, त्यामुळे ते लांबेल.

मी क्लबच्या नाही, कंपनीच्या बाजूने बसतो. क्लबने आकडा सांगितला की तो आला कुठून हे खणून काढायचं आणि कराराचा मसुदा ओळ न् ओळ वाचायचा, हे माझं काम. क्लबवाले येताना एक जाडजूड अहवाल आणतात. टीव्हीवर नाव किती सेकंद दिसलं ते त्यात मोजलेलं असतं आणि तेवढ्या सेकंदांची जाहिरात घेतली असती तर किती पडलं असतं याचा गुणाकार असतो. गुणाकारात चूक नसते. पण कॉर्नर घेताना मागे ओझरती दिसलेली पाटी आणि तीस सेकंदांची जाहिरात यांना एकच भाव कसा लावायचा? मी त्या आकड्याचा पाचवा हिस्सा धरून बोलणी सुरू करतो. समोरचे चिडतात, तिसऱ्या बैठकीपर्यंत निवळतात.

आता विकलं काय जातं ते बघा. मुख्य करार फार मोठा नसतो, खरा माल परिशिष्टात असतो. नाव कुठे कुठे येणार याची ती यादी : छतावरची अक्षरं, दर्शनी भिंतीवरची अक्षरं, तिकिटं, स्वयंसेवकांची जाकिटं, पत्रकार परिषदेमागचा पडदा, वाय-फायचं नाव, बिअरचे प्लास्टिकचे ग्लास, क्लबच्या प्रत्येक पत्रकातली शब्दरचना. शिवाय कंपनीच्या पाहुण्यांसाठी बॉक्स आणि ठरावीक तिकिटं. यादीत जे नसतं तेही महत्त्वाचं. हमरस्त्यावरच्या पाट्या क्लबच्या मालकीच्या नसतात, रेल्वे स्थानकाचं नाव तर नसतंच नसतं. डॉर्टमुंडला स्टेडियमजवळच्या रेल्वे थांब्याला सिग्नल इडूनाचं नाव लागलं, ही त्या कंपनीची मोठी कमाई समजा. रोज ऑफिसला जाणारा, फुटबॉलशी काही देणंघेणं नसलेला माणूसही ते वाचतो. लंडनमध्ये तर १९३२ मध्येच आर्सेनल क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन यांनी मागे लागून लागून गिलेस्पी रोड या भुयारी स्थानकाचं नाव 'आर्सेनल' करून घेतलं होतं. आजच्या दराने त्याची किंमत काढायला मला कुणी सांगितलं तर मी सुट्टीवर जाईन.

एक प्रसंग सांगतो. क्लबचं नाव घेत नाही. जर्मनीतल्या एका दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबचा आधीच्या प्रायोजकाशी करार संपला होता आणि आमची कंपनी नवी येणार होती. ठरल्याप्रमाणे जुनी अक्षरं उतरवली गेली. सकाळी पाहणीला गेलो तर जुनं नाव भिंतीवर तसंच वाचता येत होतं! दहा वर्षं ऊन-पावसाने भिंत काळवंडलेली आणि अक्षरांखालची जागा मात्र कोरी करकरीत. बोल्टांची भोकंसुद्धा रांगेत. करारात 'अक्षरं काढून घेणे' असं लिहिलं होतं, 'भिंत पूर्ववत करणे' असं कुणीच लिहिलं नव्हतं. रंगाचा खर्च कुणाचा यावर दोन महिने पत्रापत्री चालली आणि तेवढे दिवस आमच्या पैशांवर दुसऱ्याचं नाव झळकत राहिलं. तेव्हापासून भिंतीचं कलम मी आधी वाचतो, पैशांचं नंतर.

पण तुम्ही विचारलंय ते भिंतीवरच्या नावाबद्दल नाही, तोंडातल्या नावाबद्दल. आणि खरी मेख तिथेच आहे. भिंतीवरचं नाव क्लबच्या मालकीचं असतं, ते क्लब विकू शकतो. तोंडातलं नाव क्लबच्या मालकीचं नसतंच, तरी किंमत मात्र त्याचीच लावली जाते.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो : या स्टेडियमला आधी नाव होतं का? म्युनिकचं अलियान्झ अरेना २००५ मध्ये उघडलं ते त्याच नावाने. तिथला बायर्न क्लब त्याआधी ऑलिंपिक स्टेडियमवर खेळायचा, ते स्टेडियम आपल्या नावासकट जागेवर राहिलं. नव्या वास्तूला दुसरं काही म्हणण्याची सवय कुणालाच नव्हती. आपल्याकडे बजाजच्या जोडीने घराघरांत पोचलेली अलियान्झ ही विमा कंपनी, तिचं मुख्यालय म्युनिकमध्येच, त्यामुळे गावातल्या माणसालाही ती परकी वाटली नाही. पुढे २०१४ मध्ये तिने ११ कोटी युरो देऊन क्लबचा ८.३३ टक्के हिस्साही घेतला. आर्सेनलचंही तसंच. हायबरी हे जुनं मैदान सोडून जवळच नवं स्टेडियम बांधायचं होतं, खर्च ३९ कोटी पौंडांच्या घरात. २००४ मध्ये एमिरेट्स या विमान कंपनीशी १० कोटी पौंडांचा करार झाला, त्यात पंधरा वर्षं स्टेडियमचं नाव आणि आठ वर्षं जर्सी. तेव्हा स्टेडियम पूर्ण व्हायला दोन वर्षं होती, म्हणजे बारसं बाळ जन्मायच्या आधीच झालं. कर्ज देणाऱ्या बँकेला असं खात्रीचं उत्पन्न कागदावर दिसलं की तिचा हात सैल होतो, ही त्यातली दुसरी गंमत. तोटा एवढाच की घाईची गरज असणारा माणूस स्वस्तात देतो. दहा वर्षांत जर्सीचे भाव कुठच्या कुठे गेले आणि आर्सेनलला जुन्याच दरात बसून राहावं लागलं. २०१२ मध्ये करार नव्याने झाला तेव्हा पाच वर्षांचे १५ कोटी पौंड ठरले आणि स्टेडियमचं नाव २०२८ पर्यंत वाढलं.

उघडण्याआधी नाव विकायची हीच संधी लंडनच्याच टॉटनहॅम क्लबने हुकवली, असं माझं मत. त्यांचं नवं स्टेडियम २०१९ मध्ये उघडलं. मनासारखा भाव मिळेना म्हणून ते क्लबच्याच नावाने सुरू झालं आणि हंगामामागून हंगाम तसंच चालत राहिलं. नाव कोरं असतं तेव्हाच त्याला भाव असतो. लोकांच्या तोंडात एक नाव बसलं की पुढच्या गिऱ्हाइकाला आधीचं पुसण्याचीही किंमत मोजावी लागते. इटलीत युवेंटस क्लबने ही जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घातली. स्टेडियम उभं राहण्याआधीच, २००८ मध्ये, नावाचे हक्क स्पोर्टफाइव्ह या मध्यस्थ कंपनीला साडेसात कोटी युरोंना देऊन टाकले. २०११ मध्ये स्टेडियम उघडलं, नाव 'युवेंटस स्टेडियम'. अलियान्झचं नाव लागायला २०१७ उजाडलं. मधली सहा वर्षं पाटी रिकामी होती, पण त्याची चिंता युवेंटसने कधीच विकून टाकली होती.

जुन्या स्टेडियमचं गणित वेगळं. तिथे कंपनी नावाबरोबर भांडणही विकत घेते. इंग्लंडमधला न्यूकॅसल क्लब १८९२ पासून सेंट जेम्सेस पार्कवर खेळतोय. नोव्हेंबर २०११ मध्ये मालक माइक ॲशली यांनी त्याचं नाव आपल्याच खेळसाहित्याच्या दुकानांवरून 'स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना' करून टाकलं. गिऱ्हाइकांना नमुना दिसावा, असं कारण दिलं. गावात जो शिमगा झाला तो विचारू नका. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये वोंगा नावाची कंपनी आली. पगार होईपर्यंत चढ्या व्याजाने उसने पैसे देणारी ही कंपनी, तिच्याबद्दल इंग्लंडात फारसं कुणी बरं बोलायचं नाही. तिने जर्सीबरोबर स्टेडियमच्या नावाचे हक्कही घेतले आणि जुनं नाव परत लावलं.

मी तेव्हा या धंद्यात नवा होतो आणि मला ते निव्वळ दानधर्म वाटलं होतं. साहेबांनी विचारलं, "आज सगळ्या पेपरांत कुणाचं नाव आहे?" वोंगाचं होतं, आणि बहुधा पहिल्यांदाच शिवीशिवाय होतं. आयुष्यभर त्या स्टेडियमवर 'वोंगा अरेना' असं लिहून ते मिळालं नसतं. (ती कंपनी पुढे २०१८ मध्ये बुडाली, पण स्टेडियमच्या नावामुळे नाही.)

याचं सगळ्यांत रंगलेलं उदाहरण हॅम्बुर्गचं. तिथल्या एचएसव्ही क्लबचं मैदान एका सार्वजनिक बागेत आहे. बागेला जर्मनमध्ये 'फोल्क्सपार्क' म्हणतात, म्हणून ते फोल्क्सपार्कश्टाडिओन. २००१ मध्ये क्लबने नाव विकलं आणि ते एओएल अरेना झालं. तेव्हा इंटरनेट म्हणजे एओएल असे दिवस होते. ते दिवस सरले, २००७ मध्ये एचएसएच नॉर्डबँक अरेना झालं. पुढच्याच वर्षी जगभर आर्थिक संकट आलं आणि त्या बँकेला सावरायला हॅम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्श्टाइन या दोन राज्यांना धावावं लागलं. लोकांच्या करातून वाचवलेल्या बँकेने स्टेडियमवर नाव मिरवायचं, हे कसं दिसणार? २०१० मध्ये तिसरं नाव लागलं, इमटेक अरेना. २०१५ च्या उन्हाळ्यात ते उतरलं आणि त्याच ऑगस्टमध्ये इमटेकची जर्मन कंपनी दिवाळखोरीत गेली.

चौदा वर्षांत तीन पाट्या. आता स्वतःला त्या गावच्या आजोबांच्या जागी ठेवा. नातवाने विचारलं, मॅच कुठे आहे? आजोबा तिन्ही नावं पाठ करतील की 'फोल्क्सपार्क' म्हणून मोकळे होतील? नाव जेवढ्या वेळा बदलाल तेवढं जुनं नाव घट्ट होतं. आम्ही याला गमतीने भाडेकरूचा नियम म्हणतो : भाडेकरू बदलत राहिले की वाडा मूळ मालकाच्याच नावाने ओळखला जातो.

२०१५ मध्ये क्लाउस-मिखाएल क्यूने या हॅम्बुर्गच्याच मालवाहतूक उद्योजकाने हक्क विकत घेतले आणि स्टेडियमला जुनं नाव परत दिलं. नऊ वर्षांनी, २०२४ च्या युरो स्पर्धेत, याचा एक मजेदार परिणाम दिसला. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत तिच्या स्वतःच्या प्रायोजकांखेरीज कुणाचं नाव चालत नाही. त्यामुळे अलियान्झ अरेना 'म्युनिक फुटबॉल अरेना' झालं, सिग्नल इडूना पार्क क्लबच्या आद्याक्षरांवरून 'बीव्हीबी श्टाडिओन' झालं, फ्रँकफर्टचं डॉइच बँक पार्क नुसतं 'फ्रँकफर्ट अरेना'. हॅम्बुर्गला काही झाकायची गरजच पडली नाही. आणि त्याच गावात, पाच-सहा किलोमीटरवर, सेंट पाउली क्लबच्या सभासदांनी २००७ मध्येच ठराव केला होता की मिलर्नटोर स्टेडियमचं नाव विकायचं नाही. तिकडे माझ्यासारख्याला काम नाही. एकदा नुसती मॅच बघायला गेलो, झकास वातावरण.

न्युर्नबर्गची गोष्ट मला त्याहून आवडते. फ्रांकनश्टाडिओनचं आधी ईझीक्रेडिट झालं, मग ग्रुंडिग झालं. २०१७ मध्ये कॉन्सोर्सबँकेने हक्क घेतले, चाहत्यांनीही वर्गणी काढून भर घातली आणि स्टेडियमला नाव दिलं माक्स मोर्लोकचं. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरी २-० ने पुढे असताना जर्मनीचा पहिला गोल करणारा, न्युर्नबर्गचा घरचा खेळाडू. बँकेचं नाव कुठेच नाही, पण ही हकीकत सांगायची झाली की बँकेचं नाव घ्यावंच लागतं. मी आत्ता घेतलं, बघा.

तर डॉर्टमुंडचे पैसे बुडाले का? माझ्या मते नाही. २००५ मध्ये तो क्लब दिवाळखोरीच्या काठावर उभा होता. त्या वेळी पैसे घेऊन आलेली कंपनी त्याच गावात पाय रोवलेली होती आणि ती टिकून राहिली. जुनं नाव घेणारा चाहतासुद्धा तिच्यावर राग धरत नाही. नाव तोंडात आलं नाही तरी चालतं, फक्त ते ऐकून कुणी तोंड वाकडं करू नये. फ्रँकफर्टला उलटं बघा. २००५ पासून तिथे कॉमर्झबँकेची पाटी होती, २०२० मध्ये तिची थेट स्पर्धक डॉइच बँक आली. पंधरा वर्षं पैसे ओतून कॉमर्झबँकेने जे काही कमावलं असेल, ते जागच्या जागी शेजाऱ्याला मिळालं. आणि गावकरी? ते अजून वाल्डश्टाडिओन म्हणतात. म्हणून करार संपल्यावर काही काळ स्पर्धकाला हक्क द्यायचे नाहीत, असं कलम मी मागतो. मिळतं क्वचितच.

मधला मार्ग म्हणजे जोडनाव. माद्रिदच्या अ‍ॅटलेटिकोचं स्टेडियम २०१७ मध्ये वांडा मेट्रोपोलितानो होतं, २०२२ मध्ये सिविटास मेट्रोपोलितानो झालं, २०२४ मध्ये रियाध एअर मेट्रोपोलितानो. पुढचा डबा बदलतो, मागचा तोच. बार्सेलोनाने २०२२ मध्ये 'स्पॉटिफाय काम्प नोऊ' केलं ते याच धर्तीवर. चाहते कमी चिडतात, पण मागचा शब्द एवढा वजनदार असतो की पुढचा गळून पडतो. मुंबईच्या मेट्रोवर 'आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक' स्थानक आहे. तिथे उतरणारा माणूस घरी फोनवर काय सांगतो? सिद्धिविनायकला उतरलो. या बाबतीत मी टोपी काढली ती साओ पावलोतल्या लोकांपुढे. तिथलं मोरुंबी स्टेडियम सगळ्या ब्राझीलला माहीत. 'बिस' नावाच्या चॉकलेटवाल्यांनी २०२४ पासून त्याचं 'मोरुंबिस' केलं. शेवटी एक स जोडला, बास! जुनं नाव घ्यायला गेलात तरी अर्धी जाहिरात होऊन जाते. हे ज्याला सुचलं त्याची फी जी काय असेल ती कमीच.

प्रायोजकच बुडाला किंवा बदनाम झाला तर काय, हे विचारायचं तुमच्याकडून राहून गेलं. इंग्लंडमधल्या एव्हर्टन क्लबने नव्या स्टेडियमच्या नावाचा पहिला हक्क २०२० मध्ये अलिशेर उस्मानोव यांच्या यूएसएम कंपनीला ३ कोटी पौंडांना दिला होता. मार्च २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर, क्लबने यूएसएमबरोबरचे सगळे करार थांबवले. २०२५ मध्ये स्टेडियम उघडलं ते हिल डिकिन्सन या वकिलांच्या फर्मच्या नावाने. आणि लांब कशाला जायचं, गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम आठवा. सुब्रत रॉय सहारा स्टेडियम असं नाव लागलं, हप्ते थकले आणि २०१३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने ते नाव झाकून टाकलं. एक्स्प्रेसवेवरून जाताना आम्ही मुलांना ते दाखवायचो. म्हणजे मीच दाखवायचो, मुलं झोपलेली असायची. म्हणून क्लबच्या बाजूने कुणी विचारलं तर माझा सल्ला एकच : पैसे वर्षाच्या सुरुवातीला घ्या, वर्षाच्या शेवटी नाही, आणि बँक गॅरंटीशिवाय एक अक्षरही भिंतीवर चढवू नका.

मालकच प्रायोजक असेल तर आणखी एक भानगड असते. स्वतःच्या कंपनीकडून वाढीव भाव लावून क्लबमध्ये पैसा आणायला नाव ही फार सोयीची जागा आहे. म्हणून इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१ पासून अशा नात्यातल्या करारांचा भाव बाजाराशी ताडून बघायला सुरुवात केली. त्यावरून क्लब आणि लीग यांच्यात भरपूर वाद झाले, तो वेगळा विषय आहे.

आता शाहू स्टेडियम. माझं मत : त्या नावाला हात लावू नका, जोडनावही नको. आत्ता सांगितलेल्या सगळ्या उदाहरणांत चाहते चिडले ते बागेच्या, गल्लीच्या, प्रांताच्या नावासाठी. इथे तर शाहू महाराजांचं नाव आहे. त्याच्या पुढे सिमेंटची किंवा पतसंस्थेची पाटी लावणाऱ्याला पेठांमध्ये फिरणं मुश्कील होईल आणि तुमच्या समितीलाही. शिवाय सगळे 'शाहू स्टेडियम'च म्हणणार, म्हणजे प्रायोजकाच्या पदरात नुसता राग. आणि तुमच्याकडे विकण्यासारखं दुसरं आहेच की. पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की गॅलरी भरते, ती गॅलरी विका. एका बाजूचा स्टँड, स्कोअरबोर्ड, खेळाडूंची खोली, स्पर्धेचा चषक. चषकाला देणगीदाराचं नाव लावायची पद्धत तुमच्याकडे जुनी आहे, त्याला कुणी नाक मुरडत नाही. पैसे कशाला लागणार तेही त्याच पाटीवर लिहा : 'या खोलीतले नळ आणि शॉवर अमुक यांच्याकडून.' चिखलात खेळून आलेला पोरगा ते रोज वाचेल आणि दुवा देईल.

करार तीन वर्षांचा करा, एका वर्षाचा नको. मसुदा झाला की पाठवा. आणि भिंत रंगवून देण्याचं कलम विसरू नका.